चाळीस वर्षांचं नाक

१२ नोव्हेंबर, बुधवार

बीपी १५२/९०.

डॉक्टरांनी ही वही बीपी लिहायला सांगितली आहे. दोन आकडे लिहून सगळं पान उरतं आणि कोरं पान उलटणं माझ्या जिवावर येतं, म्हणून उरलेल्या जागेत लिहितो. मी आठवी नापास आहे, चुका असतील. वाचणार तरी कोण?

आज दुपारी घरात मी एकटा. सून मीनाक्षी जपानी नातसुनेला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. नातू राजस कॉलेजात शिकवायला. गॅसची कळ दोनदा बघून आलो आणि जरा पडलो, तोच घंटी. कुरियरवाला. पांढऱ्या थर्मोकोलचा डबा, सगळीकडून चिकटपट्टी, वर नातसुनेचं नाव. तिच्या बापाने काही पाठवलं आहे, एवढं ऐकलं होतं. भय्यासाहेब अशी सही केली, डबा आत आणून टेबलावर ठेवला आणि वास आला.

असा वास मी जन्मात घेतला नाही. आणि वास घेणं हीच माझी नोकरी होती. चाळीस वर्षं खोव्याच्या आढतीत काढली. खेड्यांतून टोपल्या यायच्या, मालक म्हणायचे, "भय्यासाहेब, सूँघो." मी फडकं उचलून एकदा नाक लावायचो आणि सांगून टाकायचो, हा आजचा, हा कालचा, यात भेसळ आहे. माझ्या शब्दावर टोपली परत जायची. एकदाही चूक निघाली नाही.

डबा उघडला. बर्फाच्या पिशव्या वितळून कोमट झालेल्या. आत पेंढ्याच्या दहा पुड्या, वीतभर लांब, दोन्ही टोकांना बांधलेल्या. एक उसवली. आत तपकिरी दाणे, त्यावर पांढुरकी साय, आणि बोट लावलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा निघाल्या. बोट वर नेलं तशा त्याही वर आल्या, तुटेनात. शी! अंगावर काटा आला. जपानहून कोणाच्या तरी सामानातून दिल्ली, दिल्लीहून जबलपूर. इतक्या प्रवासात जे असेल ते पार सडून गेलेलं. आणि ही पोर सहाव्या महिन्यात. पाहुणीसारखी लाजाळू. बापाने पाठवलं म्हणून नाक दाबून खाईल आणि पोटातल्या जिवाला विष होईल.

गल्लीतली पांढरी गाय फाटकाशी उभी होती. दहाही पुड्या तिच्यापुढे टाकल्या. तिने पेंढ्यासकट खाल्ल्या आणि वर डबाही चाटला. डबा मी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आलो. तीनदा साबणाने हात धुतले, एकदा लिंबाने. अजून बोटाला वास येतो.

दिवेलागणीला: सगळी परत आली. नातसुनेच्या मोबाइलवर डबा पोचल्याचा निरोप होता. टाळ्या वाजवत ती सरळ फ्रिजकडे गेली. फ्रिज उघडून पाहिला. मग माझ्याकडे वळली. "आबाजी, डिब्बा?"

मी सांगणारच होतो. आभारच मानतील असं वाटलं होतं. पण तिचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता, आणि तोंडातून निघालं, "नहीं तो बेटा. कोई नहीं आया."

काहून असं बोललो, मला माहीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

१६०/९४.

पहाटे आधी गाय बघून आलो. ठीक आहे, रवंथ करत होती. तिला काही झालं असतं तर ते पाप कुठे फेडलं असतं?

राजस सकाळपासून कुरियरवाल्यांशी फोनवर भांडतो आहे. मधेच मला म्हणाला, "आबा, काल दुपारी तुम्ही घरीच होता ना?"

"होतो. डोळा लागला असेल."

"घंटी नाही ऐकू आली?"

"वय झालं रे. कमी ऐकू येऊन राहिलं."

आणि त्यानंतर पाच मिनिटांनी मीच म्हणालो की दूधवाल्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली, भांडं काढा. मीनाक्षी भांडं घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

त्या पुड्यांत काय होतं ते राजसने सांगितलं. नात्तो म्हणतात. सोयाबीन उकडून पेंढ्यात बांधून ठेवतात, त्याला तार सुटली की भाताबरोबर खातात. "सडवून?" मी विचारलं. "आंबवून, आबा. इडलीसारखं." इडलीला तार सुटत नाही, हे मी बोललो नाही. म्हणजे मुद्दाम सडवतात! आपल्याकडे सोयाबीन ट्रॉल्या भरभरून मंडीत जातं, तेल काढून पेंड ढोरांपुढे टाकतात, आणि तिकडे शहाणीसुरती माणसं ते सडवून विमानाने पाठवतात. मुद्दाम असो की चुकून, सडलेलं ते सडलेलं. माझं नाक चुकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

१६४/९६. गोळी अर्धी जास्त घेतली.

घरात काय चाललं आहे ते आज कळलं. मला कोणी सांगत नाही, बीपी वाढेल म्हणून. न सांगितल्याने जास्त वाढतं.

नातसुनेचं वजन महिनाभरात वाढण्याऐवजी उतरलं. फोडणी पडली की ती खोलीचं दार लावून घेते. हिंगाच्या वासाने ओकारी काढते. तूप चालत नाही, वरण चालत नाही. मीठ घातलेला भात, काकडी आणि पाणी, एवढ्यावर आहे. त्या पुड्यांवर तिची सगळी आशा होती. लहानपणापासून रोज सकाळी तेच खात आली आहे. डॉक्टरीणबाई विभावरींनी चार आठवडे दिले आहेत. तोवर वजन चढलं नाही तर राजस तिला बापाकडे पोचवणार. दिवस भरत आले की विमानवाले घेत नाहीत. बारा डिसेंबरला वजन आणि त्यावरून काय ते ठरणार.

मी विचारलं, "आणि बाळ झाल्यावर परत याल ना रे?"

"तिकडे एक नोकरी आहे म्हणतात. बघू, आबा."

मालक टोपलीवाल्याला "देखेंगे" म्हणायचे तेव्हा त्या माणसाची टोपली आमच्याकडे पुन्हा दिसायची नाही. मी एकोणऐंशीचा आहे. मुलगा अनुपम बँकेच्या बदलीवर बिलासपूरला, महिन्यातून एकदा येतो. हे दोघं गेले तर या घरात मी, मीनाक्षी आणि गॅसची कळ.

१६ नोव्हेंबर, रविवार

१५८/९२.

मीच काहीतरी करावं म्हणून सकाळी खोव्याची जलेबी घेऊन आलो. गरम, काळसर, पाकात बुडालेली. हा वास आला की मेलेला माणूस उठून बसेल. पुडा तिच्यापुढे धरून म्हणालो, "खाओ बेटा, जबलपूर की चीज है." तिने दोन्ही हातांनी नाक-तोंड झाकलं आणि मोरीकडे धावली.

खोव्याचा वास! ज्या वासावर मी अनुपमला शिकवलं, ज्या वासाने माझे सदरे आयुष्यभर भरलेले होते, त्याची हिला ओकारी. नंतर ती बाहेर आली, डोळे लाल, वाकून वाकून म्हणत होती, "सॉरी आबाजी, माफ करो, बच्चा नहीं मानता." जलेबी एकट्याने संपवली आणि आता पोट जड आहे.

दुपारी कुरियरवाल्यांनी सहीचा फोटो पाठवला. राजसने मोबाइल बराच वेळ धरला, बोटांनी मोठा करून पाहिला. मग तिला दाखवला. तिनेही पाहिला. दोघं एकमेकांशी तिच्या भाषेत हळू काही बोलले.

"कोणाची आहे रे सही?" मी विचारलं.

"वाचता येत नाही, आबा. कोणीतरी घाईत केली आहे," राजस म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला. कुरियरवाल्यांना पुन्हा फोन केला नाही. देवाची कृपा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नातसुनेला नवीन नाद लागला आहे. रोज सकाळी फाटकाशी जाऊन गायीला काकडीची सालं घालते. पोट सावरत बसते आणि गायीशी काहीबाही बोलते. आज तिथल्या नालीच्या कडेची पेंढ्याची एक काडी तिने उचलली, नळाखाली धुतली आणि आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. तिकडच्या लोकांना काय काय जपायची सवय असते.

तिचं नाव हारुए. लग्नात आम्ही ताटभर तांदळात अंगठीने स्वानंदी लिहिलं. त्या नावाने फक्त मी हाक मारतो. ती ओ देते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

१६०/९०. ऑटोत धक्के बसले म्हणून.

कोणाला न सांगता छावणीतल्या सदर बाजारात गेलो. मिलिटरीवाल्यांच्या बायका जिथे खरेदी करतात त्या दुकानांत बाहेरदेशचा माल असतो असं ऐकून होतो. पहिल्या दुकानात विचारलं, "जपान का सोयाबीन है? सड़ा हुआ?" गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "दादाजी, सड़ा हुआ चाहिए तो गोदाम में पुराना माल देखना पड़ेगा." आणि दोन गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्याने कोरियाच्या शेवयांचं पाकीट दाखवलं, वर लाल मिरची आणि कोंबडीचं चित्र. तिसऱ्याकडे काळ्या पाण्याची बाटली होती. सोयाबीनचीच आहे म्हणाला, ती घेतली. चौथा म्हणाला, असलं काही दिल्लीत मिळेल, तेही सांगता येत नाही. आणि विमानात कोणी आणणार असेल तरच.

म्हणजे मी गायीला जे घातलं ते साऱ्या जबलपुरात मिळत नाही.

घरी येऊन बाटलीतलं थेंबभर चाखून पाहिलं. गंजक्या लोखंडाचं खारं पाणी! चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी जाईना. बाटली तिला दिली. तिने उलटसुलट करून वाचली आणि छातीशी धरली. "आबाजी सदर गया? अकेला?" संध्याकाळी भातावर घालून दोन घास जास्त खाल्ले, असं मीनाक्षी म्हणाली. दोनच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

१५४/९०.

नातसुनेला विचारलं, तुझ्या घरी हे कोण बनवायचं? दादी, म्हणाली. शेतातलंच सोयाबीन, शेतातलाच पेंढा. माझ्या हातातली ही वही घेतली आणि मागच्या पानावर चित्र काढून दिलं. माझा जीव वर-खाली. पण तिला मराठी वाचता येत नाही. चित्रात एक म्हातारी, मोठं पातेलं, पेंढ्याची पुडी, आणि पुड्यांवर रजई. रजईवर तिने मांजरही काढलं.

"गरम रखना. एक दिन. मेरी दादी रजई में रखती थी, साथ में सोती थी," ती म्हणाली आणि हसली. मग नखाने रजईची रेघ गिरवत बसली.

खोवा, दही, गरम ठेवणं, हे तर माझं काम. सोयाबीन शहपुऱ्याला, पेंढा कुठेही. मीनाक्षीला म्हणालो, "एक प्रयोग करून बघू काय?"

"माझ्या स्वयंपाकघरात?" ती म्हणाली. "मामाजी, तुम्हीच म्हणता ना की ते सडकं असतं? आजवर या घरात अंडं आलं नाही, आता सडकं शिजवू काय मी?"

ती बरोबर आहे. मला स्वतःलाच नुसत्या विचाराने मळमळतं. पण बारा तारीख येऊन राहिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बीपी घेतलं नाही.

काल शहपुऱ्याच्या बाजारातून पिशवीभर सोयाबीन आणलं. भिजवून आज मागच्या अंगणात मातीच्या चुलीवर उकडलं. वास कच्च्या वालासारखा, उग्र. पेंढा कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या पेटीतला घेतला, फुकट दिला त्याने. पुड्या बांधल्या, जुन्या घोंगडीत गुंडाळून कोठीत ठेवल्या. माझी रजई घातली नाही, तेवढी किळस मला आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

१६६/९६.

पुड्या उघडल्या. कोठी, घोंगडी, माझे हात, सगळं घाण. दाणे बुळबुळीत, काही हिरवे, काही काळे. तार नाही. वास असा की डोळ्यांत पाणी. पहिल्या झटक्यात कळलं, सडलं. थंडीने आणि त्या जुनाट पेंढ्याने सडलं. मीनाक्षीने लांबूनच पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "झाला प्रयोग? आता फेका." नातसून दारात आली होती. वास घेतला आणि हळूच मान हलवली. रागावली नाही.

फेकायला निघालो आणि थांबलो. पुन्हा नाक लावलं. ओकारी आली तरी लावलं. यात आंबट होतं. सडलेल्या प्रत्येक गोष्टीत तळाशी आंबट असतं, खोव्यात, दुधात, भातात. चाळीस वर्षं मी तेच आंबट शोधत आलो.

त्या दहा पुड्यांत आंबट नव्हतं.

अंगणातल्या पायरीवर बसून आठवलं. नाक विसरत नाही. सगळ्यात वर गोठ्यातल्या मुताचा वास, झोंबणारा. त्याच्या खाली भाजलेल्या शेंगदाण्याचा. सगळ्यात खाली ओल्या पेंढ्याचा. घाणेरडा, मान्य. किळसवाणा, शंभरदा मान्य. पण आंबट नाही. ते सडलेलं नव्हतं. माझ्या नाकाने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, कारण तार बघूनच मी घाबरलो. एवढ्या वर्षांत एक टोपली चुकीची परत पाठवली, आणि ती या पोरीची.

जेवलो नाही. पोट बिघडलं आहे असं सांगितलं.

३ डिसेंबर, बुधवार

१५०/८८. प्रवास करूनही कमी, हे आश्चर्य.

बसने कुंडमला जाऊन आलो. तिथून खोवा आणणारा धनसिंग मरावी अजून आहे, माझ्याहून वाकला आहे. या वर्षीचं धान नुकतंच झोडपलेलं, खळ्यावर पेंढ्याची रास, सोनेरी, कोरडी. मी काडी मोडून वास घेतला. तोच. सगळ्यात खालचा.

"काए भैयासाब, पैरा का करहौ? ढोर पाल लए का?" धनसिंगने विचारलं.

"बहू के लिए," मी म्हणालो.

तो खूप हसला. "बहू को पैरा खबाहौ?"

मग मी सगळं सांगितलं. गायीचंसुद्धा. का कोण जाणे, त्याला सांगता आलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, त्याच्या टोपल्या मी दोनदा परत पाठवल्या होत्या, एकदा तर घरात आजारपण होतं तेव्हा. "खोवा बिगड़ो तो हतो," म्हणजे बिघडलेला होताच, असंही म्हणाला. मग त्याने पेंढ्याचा भारा स्वतः बांधून बसच्या टपावर चढवला. उतरताना शहरातल्या एका बाईने विचारलं, गायीला का? मी हो म्हणालो.

६ डिसेंबर, शनिवार

१४८/८८.

या वेळी सगळं नीट. दाणे एक दिवस भिजवले, अंगठा आणि करंगळीत धरून दाबला तर लोणी व्हावं इतके उकडले. पेंढा उकळत्या पाण्यातून काढला. गरम गरमच भरलं, दहा पुड्या, नातसुनेने बांधायला शिकवलं. तिची बोटं भराभर चालतात, माझी गाठ सुटते. अंगणात आम्ही दोघं चुलीशी, मीनाक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. शेवटी बाहेर आली, उरलेला दोरा कापून दिला आणि आत गेली.

आढतीतली माझी जुनी टोपली माळ्यावरून काढली. तळाशी गरम पाण्याच्या बाटल्या, वर पुड्या, एका कोपऱ्यात उबेसाठी जुना पिवळा बल्ब लावून ठेवला. आणि सगळ्यावर माझी रजई. हो, माझी. आज मी मीनाक्षीच्या दोन चादरी घेतल्या आहेत. टोपलीत हात घालून पाहतो, तान्ह्याच्या अंघोळीच्या पाण्याएवढी ऊब आहे. रजई पेट तर घेणार नाही ना? सारखं उठून बघतो आहे.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी पाचला रजई उचलली.

मुताचा झोंबरा वास थेट मेंदूत गेला. एक पाऊल मागे सरलो. मग नाक लावलं. शेंगदाणा. मग पेंढा. आंबट? पुन्हा नाक लावलं. दहाही पुड्यांना लावलं, एकेका पुडीला दोनदा. राजस म्हणाला, "आबा, बस करा." आंबट नाही.

"फ्रिज में एक रात," नातसून म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. मीनाक्षीने फ्रिजमधलं दूध, दही, भाजी, सगळं बाहेर काढलं आणि शेजारणीकडे ठेवायला नेलं. जाताना म्हणाली, "ते असताना माझं दूध तिथे राहणार नाही."

८ डिसेंबर, सोमवार

१४६/८६.

सकाळी तिने एक पुडी उघडली. वाडग्यात काढून दोन काड्यांनी घोटायला लागली. पांढरा फेस, तारा, तारा, आणखी तारा. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. सदरची काळी बाटली त्यात उलटी केली. गरम भातावर घातलं, पहिला घास तोंडात घेतला आणि थांबली. चावेना. वाटलं, संपलं. पुन्हा चुकलो.

मग ती चावायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, हनुवटीवर तार लोंबते आहे, आणि ती खाते आहे. वाडगा रिकामा केला, भात पुन्हा घेतला, दुसरी पुडी उघडली. इतकं घाण दृश्य मी पाहिलं नाही. तरी तिथून उठलो नाही.

"आबाजी, आप भी?" तिने काडीवर एक दाणा पुढे केला.

"मर जाऊँगा, पर नहीं," मी म्हणालो. राजस हसला. मीनाक्षीसुद्धा नाक धरून हसली.

त्याच वेळी सांगून टाकायचं होतं. गायीचं. शब्द ओठांवर आले होते. पण ती खात होती, आणि खाणाऱ्या माणसाला मधे थांबवायचं कसं? उद्या सांगीन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही.

डॉक्टर विभावरींकडे मीही गेलो. काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो. फार नाही, पण काटा वर सरकला आहे. चार दिवसांत एवढं पुष्कळ, असं बाई म्हणाल्या. काय खाते, विचारलं. राजसने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, पुन्हा विचारलं, पुन्हा लिहून घेतलं. स्वच्छतेने बनवत असाल तर चालू द्या, म्हणाल्या. बाहेर आल्यावर राजसने फोन काढला आणि कोणाला तरी कळवलं की आता जात नाही, बाळ इथेच होईल.

नवीन घाणा काल लावला आहे. रजईचा वास आता जाणार नाही, जाऊ दे. आंब्याच्या लोणच्याची बरणी मीनाक्षीने आपणहून कोठीतून हलवली, टोपलीला जागा म्हणून. शेजारी विचारतात, भय्यासाहेब, उंदीर मेला काय घरात? मी म्हणतो, हो, मोठा होता.

१४ डिसेंबर, रविवार

बीपी नंतर घेईन.

आज डोहाळजेवण झालं. अनुपम बिलासपूरहून आला. मीनाक्षीने नातसुनेला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली, आणि ताटात पंचपक्वान्नांच्या मधोमध चांदीच्या वाटीत ते ठेवलं. डोहाळे जे असतील ते ताटात आलेच पाहिजेत, म्हणाली. ओटी भरायला आलेल्या बायका एका हाताने कुंकू लावत होत्या आणि दुसऱ्या हाताने पदर नाकाशी धरत होत्या. मी लांब दाराशी, कापूर हुंगत. अजूनही मला ते बघवत नाही. रोज सकाळी तो वास घरभर फिरतो आणि रोज सकाळी माझं पोट उलटतं. मी ते बनवीन, पण बोट लावून चाखणार नाही, हे या वहीत लिहून ठेवतो.

दुपारी बायका गेल्यावर ती हिरव्या साडीतच कोठीत गेली. आजच्या घाण्याच्या दहा पुड्या मोजल्या, त्यातली एक उचलली आणि फाटकाकडे निघाली. मी मागे गेलो. पांढरी गाय लांब गल्लीच्या टोकाला होती. वास लागताच मान वर करून अशी लगबगीने आली की मी बाजूला झालो. नातसुनेने पुडी तिच्या तोंडाशी धरली. पेंढ्यासकट गेली.

"गाय को क्यों, बेटा?"

"उसको पसंद है, आबाजी," ती म्हणाली, गायीच्या कपाळावरून हात फिरवत. मग माझ्याकडे बघून वाकली, त्यांच्या पद्धतीने, आणि हसून आत गेली.

तेव्हापासून खुर्चीवर बसून आहे. गायीला हे आवडतं, हे हिला कोणी सांगितलं? मी नाही. धनसिंग कुंडमला. खिडकीत ती धुतलेली काडी अजून आहे. आणि राजसने त्या दिवशी सहीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला होता.

माझा भ चांगला टपोरा असतो.